बटण दाबताच मापून तेल भरणारे यंत्र: आराखडा आणि जोडणी

लाकडी घाण्याचे शेंगतेल बाटल्यांत भरताना बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या कितीतरी छोट्या घाणेवाल्यांची भिस्त आजही माप, नरसाळे आणि भरणाऱ्याची नजर यांवरच असते. बटण दाबले की ठरलेले तेल बाटलीत पडावे आणि किती पडले ते समोर दिसावे, एवढेच काम करणारे यंत्र थोड्याशा सुट्या भागांतून उभे करता येते. मात्र जोडणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते: पडद्यावर दिसणारा आकडा नेमका कशाचा? मागितलेल्या तेलाचा, पंपातून गेलेल्या तेलाचा, की बाटलीत प्रत्यक्ष पडलेल्या तेलाचा? हे तीन आकडे कधीच तंतोतंत एक नसतात. तिसराच दाखवायचा असे एकदा ठरले की पुढचे बहुतेक निर्णय त्यातूनच निघत जातात.

आमच्या आतेभावाच्या घाण्यासाठी मी पहिले यंत्र केले तेव्हा हा विचार केला नव्हता. वायएफ-एस२०१ हा सहज मिळणारा प्रवाहमापक नळीत बसवला. त्यातले छोटे चक्र प्रवाहाने फिरते आणि चक्रावरच्या चुंबकामुळे आतला हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा भाग) विजेचे ठोके देतो. पाण्यासाठी हे प्रमाण एका लिटरला सुमारे ४५० ठोके, म्हणजे एका ठोक्याला साधारण २.२ मिलिलिटर असे धरतात. मे महिन्यातल्या एका दुपारी तेल सोडून ठोके जुळवले आणि माप अगदी बरोबर येऊ लागले. डिसेंबरात मात्र सकाळच्या पहिल्या बाटल्या गळ्याच्या वर भरू लागल्या. कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. तेलाची श्यानता, म्हणजे वाहताना होणारा आतला विरोध, तापमानानुसार फार बदलतो; ४० अंश सेल्सियसवर जितका असतो त्याच्या सुमारे दुप्पट तो २० अंशांवर होतो. दाट झालेल्या तेलात चक्र मंद फिरते, ठोके कमी येतात, आणि यंत्राला वाटते की अजून पुरेसे तेल गेलेले नाही. नुकसान घाणेवाल्याचे होते आणि गिऱ्हाईक अर्थातच तक्रार करत नाही, त्यामुळे चूक लक्षात यायला आठवडा गेला.

पाण्यासाठी किंवा पातळ सरबतासाठी यंत्र करायचे असेल तर हाच प्रवाहमापक चालतो, फक्त धार मिनिटाला एका लिटरच्या खाली जाऊ देऊ नये. तिथे दुसरा एक सापळा आहे. बारा व्होल्टचे जे स्वस्त अर्ध्या इंची सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपा, मिळतात, त्यांतल्या बऱ्याच व्हॉल्व्हना उघडण्यासाठी ०.०२ मेगापास्कल, म्हणजे जवळपास दोन मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. स्टुलावर ठेवलेल्या टाकीखाली असा व्हॉल्व्ह बसवला तर बटण दाबल्यावर नुसता टक्कन आवाज येतो आणि पाणी येत नाही.

तेलासाठी ठोके मोजण्याचा नाद सोडून बाटलीच काट्यावर ठेवावी, हा माझा अनुभवाअंती झालेला निष्कर्ष आहे. बाटलीखाली पाच किलोचा लोडसेल, म्हणजे वजन जाणणारी पट्टी, त्याला एचएक्स७११ हा वजनवाचक, सगळे चालवणारी आर्डुइनो नॅनो ही छोटी नियंत्रक पाटी, सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा, तेल ढकलायला बारा व्होल्टचा गिअर पंप, पंप चालू-बंद करायला मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच आणि तेलाचे तापमान सांगणारा डीएस१८बी२० एवढ्यात काम भागते. वजन मोजल्यामुळे श्यानतेचा प्रश्न मापातून पूर्णपणे निघून जातो; थंडीत धार बारीक होईल, वेळ जास्त लागेल, पण आकडा चुकणार नाही.

पंप निवडताना पितळेचा मोह टाळावा. तेलाच्या संपर्कात येणारे तांबे आणि तांब्याचे मिश्रधातू तेल खवट होण्याची क्रिया वेगाने घडवून आणतात, म्हणून पंपाचे दाते, नोझल आणि जोड स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे घ्यावेत आणि नळी खाद्यपदार्थांसाठीची सिलिकॉनची असावी. योग्य मापाचे स्टीलचे नोझल तयार मिळाले नाही, तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून ते कातून घेता येते. नमुना म्हणून बाटलीचे तोंड बरोबर न्यावे. तेलाचा डबा नोझलच्या खालच्या पातळीवर ठेवावा. डबा वर ठेवल्यास पंप बंद असतानाही दात्यांच्या फटींतून तेल हळूहळू झिरपत राहते, आणि रात्रीतून ओट्यावर किती तेल साचते हे ज्याने पुसले आहे त्यालाच ठाऊक. नोझलच्या अगदी जवळ स्प्रिंगची एकदिशा झडप बसवली की धार तुटताना शेवटचे थेंब गळत नाहीत आणि नळीही भरलेली राहते.

लोडसेल बसवण्यात सर्वांत जास्त चुका होतात. ही ॲल्युमिनियमची पट्टी असते. तिचे एक टोक बुडाच्या जाड पत्र्याला पक्के बोल्ट करायचे आणि दुसऱ्या टोकावर बाटलीचा पाट बसवायचा. दोन्ही टोकांना तीन-चार मिलिमीटरचे वॉशर घालून पट्टीचा मधला भाग अधांतरी ठेवावा लागतो, कारण पट्टी वाकली तरच तिच्यावर चिकटवलेल्या तारांच्या जाळीचा विरोध बदलतो आणि वजन कळते. पट्टीवरचा बाण खालच्या दिशेला असावा. नोझलची नळी पाटाला किंवा बाटलीच्या तोंडाला कुठेही टेकता कामा नये. ती टेकली की नळीचा ताणही वजनात मोजला जातो. पंप त्याच पत्र्यावर बसवू नये, नाहीतर त्याची थरथर थेट आकड्यांत उतरते.

विजेच्या बाजूला बारा व्होल्ट, पाच अँपिअरचा पुरवठा घ्यावा आणि नॅनोसाठी एलएम२५९६ च्या तयार मोड्यूलने पाच व्होल्ट वेगळे काढावेत. मॉस्फेट आयआरएलझेड४४एन पुरतो, कारण तो पाच व्होल्टवर नीट उघडतो. त्याच्या गेटला, म्हणजे इशारा घेणाऱ्या टोकाला, नॅनोच्या ९ क्रमांकाच्या पिनेपासून २२० ओहमचा रोध आणि गेटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रोध जोडावा. हा दुसरा रोध गाळण्याची चूक करू नये: नॅनो सुरू होताना काही क्षण तिच्या पिना अधांतरी असतात आणि तेवढ्यात पंप आपोआप फिरू शकतो. वीज जाऊन आल्यावर रिकाम्या पाटावर तेल ओतणारे यंत्र आपल्याकडे फार काळ टिकणार नाही. मोटारीच्या दोन टोकांवर १एन५८२२ हा शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) उलट्या दिशेने लावावा. एचएक्स७११ च्या तारा मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात आणि सगळ्यांचे ग्राउंड एका ठिकाणी जोडावे.

बटणे तीन पुरतात: एक माप निवडायला, एक भरायला, एक थांबवायला. पहिली दोन नॅनोच्या अंतर्गत पुलअपवर (बटण न दाबता पिन पाच व्होल्टवर धरून ठेवणाऱ्या आतल्या रोधावर) जोडून आज्ञावलीत पन्नास मिलिसेकंदांची गाळणी ठेवावी, म्हणजे एका दाबाचे दोन दाब मोजले जात नाहीत. थांबवण्याचे लाल, मोठ्या डोक्याचे बटण मात्र आज्ञावलीवर सोपवू नये. ते पंपाच्या बारा व्होल्टच्या वाटेतच मालिकेत घालावे, म्हणजे नॅनो अडकली तरी पंप बंद होतो.

आता मुख्य भाग, म्हणजे यंत्राने कधी थांबायचे. भरण्याचे बटण दाबल्यावर यंत्राने आधी पाटावर बाटली आहे ना हे वजनावरून पाहावे, ते वजन शून्य धरावे आणि मग पंप पूर्ण वेगाने सुरू करावा. मागणीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पूर्ण वेग आणि उरलेले तेल तिसरा हिस्सा वेगाने, अशी दोन टप्प्यांची भरणी ठेवावी. इथे एक गंमत आहे. नोझल आणि बाटलीतले तेल यांच्यामध्ये हवेत असलेली धार पंप बंद झाल्यावर बाटलीत पडते, म्हणून तेवढे तेल जास्त होईल अशी भीती मलाही वाटत होती. पण पडणारी धार काट्यावर आदळून जो दाब देते, तो नोझलमधून सुटतानाचा वेग सोडला तर हवेतल्या धारेच्या वजनाइतकाच असतो. म्हणजे काट्याने ते तेल आधीच मोजलेले असते. जास्तीचे तेल येते ते यंत्राच्या उशिरामुळे. एचएक्स७११ सेकंदाला १० नोंदींच्या गतीवर असेल तर त्याला स्थिर आकडा द्यायला सुमारे ४०० मिलिसेकंद लागतात, आणि मिनिटाला दोन लिटरच्या धारेत तेवढ्या वेळात १३ मिलिलिटर तेल पडून जाते. एचएक्स७११ च्या मोड्यूलवरची गती निवडण्याची पिन पुरवठ्याच्या व्होल्टला जोडून ८० नोंदींची गती घेतली की हा उशीर ५० मिलिसेकंदांवर येतो. आकडे थोडे जास्त उड्या मारतात, ते चार-पाच नोंदींच्या सरासरीने शांत होतात.

तरीही थोडे तेल जास्त जातेच, आणि ते थंडी-उन्हाळ्यात बदलते. म्हणून पंप थांबल्यावर दोन सेकंद थांबून स्थिर वजन वाचावे, ठरलेल्या मापापेक्षा किती जास्त झाले ते पाहावे आणि पुढच्या वेळी तेवढे आधी पंप बंद करावा. मागच्या दोन-तीन बाटल्यांची सरासरी धरली तर यंत्र सकाळच्या गार तेलाला दोन-तीन बाटल्यांत सरावते. याच पायरीत पडद्याची वरची ओळ मागितलेले माप आणि खालची ओळ पडलेले माप अशी कायम ठेवावी. भरत असताना खालचा आकडा धावता दिसू द्यावा, पण तो ठाम झाल्याची खूण म्हणून शेवटी समोर तारा (*) उमटवावा. तारा दिसेपर्यंत बाटली उचलायची नाही, एवढा एक नियम भरणाऱ्याला शिकवला की पुरे होते. वजन तीन सेकंदांत वाढले नाही तर डबा रिकामा आहे असे समजून, आणि वजन एकदम घटले तर बाटली उचलली असे समजून पंप लगेच बंद व्हावा.

वजनावरून मिलिलिटर काढायला घनता लागते. शेंगतेलाची घनता २० अंशांवर ०.९१ ते ०.९२ च्या दरम्यान असते आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.०००६७ ने घटते. २० अंशांवर ०.९१४ धरली तर एक लिटर तेल ९१४ ग्रॅम भरते आणि ३० अंशांवर ९०७ ग्रॅम. फरक छोटा दिसतो, पण दिवसाला शंभर बाटल्या भरणाऱ्याला तो पाऊण लिटरच्या आसपास पडतो. म्हणून डीएस१८बी२० डब्याबाहेर चिकटवून भागत नाही. तो स्टीलच्या नळीत बंद असलेला घेऊन तेलातच बुडवावा. स्वतःच्या घाण्याच्या तेलाची घनता एकदा मोजून घ्यावी: जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत १०० मिलिलिटरचा मापनचंबू असतोच, तो रिकामा आणि भरलेला तोलला की झाले.

काटा जुळवायला किराणा दुकानातली छाप मारलेली वजने उत्तम. यंत्र दहा मिनिटे चालू ठेवून मग एक किलोचे वजन पाटाच्या मध्यावर ठेवून गुणक, म्हणजे एचएक्स७११ च्या कच्च्या आकड्याचे ग्रॅम करणारा आकडा, काढावा, नंतर अर्धा किलो आणि दोन किलोंनी तो पडताळावा, आणि तेच वजन पाटाच्या चारही कोपऱ्यांवर सरकवून पाहावे. कोपऱ्यांवर आकडा तीन-चार ग्रॅमने हलत असेल तर पाट मोठा आहे किंवा बोल्ट ढिले आहेत. गुणक नॅनोच्या इइपीरॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, ठेवावा. दिवसभराची एकूण बेरीजही तिथे ठेवता येते, पण ही स्मृती एका ठिकाणी सुमारे एक लाख वेळाच लिहिता येते, म्हणून दर बाटलीला न लिहिता दर वीस बाटल्यांनी लिहावे.

एक कायद्याची बाब. वैधमापन कायदा, २००९ नुसार व्यापारात वापरायच्या वजन-मापाच्या साधनाची पडताळणी होऊन त्याच्यावर छाप असावी लागते. आपल्या यंत्रावर अशी छाप नसते; ते भरण्याचे काम सोपे करणारे साधन आहे, आणि त्याच्यावरचा आकडा दाखवून गिऱ्हाइकाला तेल देऊ नये. भरलेली बाटली लेबल लावण्यापूर्वी छाप असलेल्या काट्यावर तपासावी. रोज पहिल्या पाच आणि नंतर प्रत्येक पन्नासाव्या बाटलीची तपासणी पुरेशी होते. पॅकबंद मालाच्या नियमांत एक लिटरच्या बाटलीला १५ मिलिलिटरपर्यंत तूट क्षम्य असली तरी सगळ्या बाटल्यांची सरासरी लेबलावरच्या मापाखाली जाता कामा नये, म्हणून मागणीचे माप दोन-तीन मिलिलिटरने वरच ठेवावे.

बटणांवरच्या नावांचा प्रश्न आपल्या भागात वेगळाच येतो. या साध्या पडद्यात देवनागरी किंवा कन्नड अक्षरे नसतात. स्वतः काढलेली फक्त आठ चिन्हे त्यात साठवता येतात, आणि त्यांत धड एक शब्दही जमत नाही. आतेभावाच्या घाण्यावर हिशेब मराठीत लिहिला जातो आणि बाटल्या भरणारा मुलगा कन्नड वाचतो. म्हणून पडद्यावर नुसते आकडे आणि तारा ठेवून, बटणांखाली दोन्ही लिप्यांतली नावे छापलेली चिकटपट्टी लावली आणि वरून पारदर्शक लॅमिनेशन केले. तेलकट बोटांनी पहिली पट्टी पंधरा दिवसांत निघून आली होती.