आधी बग, मग साफसफाई
ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये बग सापडला की तोच कोड कॉपी-पेस्ट होऊन आणखी कुठे गेलाय का, हे आधी 'गिट ग्रेप'ने (गिटमधल्या फाइल्समध्ये मजकूर शोधणारी कमांड) शोधा. सापडेल तिथे दुरुस्त करा, टेस्ट जोडा आणि एवढंच एका कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेला बदल) ठेवा. सारखा कोड एका फंक्शनमध्ये आणायचं काम, म्हणजे साफसफाई, पुढच्या कमिटमध्ये. लिनक्स कर्नलचाही दंडक हाच: एका पॅचमध्ये (पाठवलेल्या दुरुस्तीत) एकच बदल. सुटी दुरुस्ती जुन्या स्टेबल आवृत्तीवर 'चेरी-पिक' करता येते, म्हणजे तेवढाच कमिट उचलून तिथे लावता येतो. साफसफाई मिसळली की कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) निस्तरत बसावं लागतं, आणि प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचा वेळ फार मोलाचा असतो. एकत्र करण्यापूर्वी कोडच्या दोन्ही तुकड्यांचा डिफ (फरक) मात्र बघाच. एकात 'नल'ची (रिकाम्या मूल्याची) तपासणी असते, दुसऱ्यात राहून गेलेली असते. बऱ्याचदा बग तिथेच असतो.