नेटवर्क फुल, तरी आवाज तुटतो? बिट आणि फ्रेमच्या चुका अशा मोजा

फोनवर सगळ्या काड्या दिसतात आणि पलीकडचा माणूस मात्र ‘हॅलो, हॅलो, तुटतोय आवाज’ म्हणत राहतो. काड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, तो शाबूत पोचला का ते नाही. त्यासाठी दोन आकडे लागतात. आलेल्या बिटांपैकी किती टक्के बिघडले तो बीईआर (बिट एरर रेट), आणि दुरुस्ती करूनही आवाजाच्या किती टक्के फ्रेम, म्हणजे छोटे तुकडे, टाकून द्याव्या लागल्या तो एफईआर (फ्रेम एरर रेट). जीएसएममध्ये, म्हणजे २जी नेटवर्कमध्ये, आवाजाची फ्रेम २० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला ५०. पूर्ण दराच्या कोडेकमध्ये (आवाजाचे बिट बनवणाऱ्या पद्धतीत) तिचे २६० बिट जादा बिट घालून ४५६ करून पाठवतात, त्यामुळे थोडी पडझड फ्रेम सोसते.

सुरुवात बीईआरपासून करा. व्हॉइस कॉल करता येणारं यूएसबी जीएसएम मॉडेम संगणकाला जोडा, टर्मिनल प्रोग्रॅम उघडा आणि ‘एटी+सीएसक्यू’ ही आज्ञा द्या (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत). उत्तर येईल, समजा, १८,९९. पहिल्या आकड्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा करा: उणे ७७ डीबीएम (सिग्नलचा जोर मोजायचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त), चांगला जोर. ९९ म्हणजे ‘माहीत नाही’. कॉल चालू नसला की बहुतेक मॉडेम हेच सांगतात. म्हणून ‘एटीडी’, नंबर आणि शेवटी अर्धविराम देऊन कॉल लावा. अर्धविराम राहिला तर मॉडेम व्हॉइसऐवजी डेटा कॉल लावायला जातं, आणि ही चूक सगळे एकदा तरी करतात!

कॉल लागल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्या. आता दुसरा आकडा ० ते ७ मधला येईल, हा आरएक्सक्वाल, म्हणजे आलेल्या सिग्नलच्या दर्जाची पायरी. ० म्हणजे बीईआर ०.२ टक्क्यांखाली, १ म्हणजे ०.२ ते ०.४, पुढे दर पायरीला दुप्पट, आणि ७ म्हणजे १२.८ च्या वर. मोजणी ४८० मिलिसेकंदांची असते, तेव्हा सेकंदाला दोनदा विचारणं पुरे.

या आकड्यांची सरासरी मात्र काढू नका. मी सुरुवातीला काढायचो. अर्धा वेळ ० आणि अर्धा वेळ ७ असेल तर सरासरी ३.५, म्हणजे ठीकठाक वाटते. प्रत्यक्षात ० साठी ०.१४ आणि ७ साठी १८.१ टक्के धरतात. त्यांची सरासरी ९ च्या वर जाते, म्हणजे थेट ६ ची पायरी. आधी टक्के करा, मग सरासरी.

एफईआर या आज्ञेतून मिळत नाही. त्यासाठी ड्राइव्ह टेस्टचा (फिरत फिरत नेटवर्क तपासायचा) हँडसेट आणि त्याचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, लागते. बाद फ्रेम भागिले एकूण फ्रेम, गुणिले शंभर. दोन मिनिटांच्या कॉलमध्ये ६,००० फ्रेम. त्यांतल्या १२० बाद झाल्या तर २ टक्के. एका जागी उभं राहून मोजू नका. ९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, हातभर सरकलात तरी चित्र बदलतं. बोलणं थांबल्यावर ट्रान्समीटर बंद करणारी डीटीएक्स चालू असेल, तर लॉगमधला ‘फुल’ नव्हे, ‘सब’ रकाना वाचा; ‘सब’मध्ये फक्त नक्की पाठवलेल्या फ्रेमच मोजतात.

खरी गंमत सिग्नलचा जोर, आरएक्सक्वाल आणि एफईआर शेजारी ठेवल्यावर कळते. सिग्नल उणे ६५ आणि आरएक्सक्वाल ६–७ असेल तर बहुधा दुसऱ्या सेलचा (टॉवरच्या क्षेत्राचा) त्याच फ्रिक्वेन्सीवर हस्तक्षेप आहे. सिग्नलच उणे १०२ असेल तर कव्हरेज कमी. आरएक्सक्वाल ५ पण एफईआर शून्याजवळ? फ्रिक्वेन्सी हॉपिंगने (सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याने) चुका विखुरल्या आणि दुरुस्तीने त्या निस्तरल्या, तक्रार नको. सगळं ठीक असताना मधेच दोन-चार फ्रेम गेल्या, तर हँडओव्हरची, म्हणजे कॉल एका सेलवरून दुसऱ्यावर जाण्याची, वेळ जुळते का बघा. त्या क्षणी नेटवर्क आदेश पाठवायला आवाजाच्याच फ्रेम चोरतं.

४जी वर हीच आज्ञा दिली तर दुसरा आकडा बहुधा ९९ च राहील. तिथे लॉगमध्ये बीएलईआर, म्हणजे बाद ब्लॉकचं प्रमाण बघतात. पहिल्या प्रयत्नाला ते १० टक्क्यांच्या आसपास दिसलं तर दचकू नका. वेग जास्त मिळावा म्हणून नेटवर्क मुद्दाम तेवढं चुकू देतं आणि बाद ब्लॉक लगेच पुन्हा पाठवतं.