कम्युनिटी कॉलेजातून समर रिसर्चला अर्ज कसा करायचा

अमेरिकेत आपल्या मराठी घरांतली बरीच मुलं फी वाचवायला आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला जातात आणि मग ट्रान्सफर घेतात. या मुलांना वाटतं की उन्हाळ्यात लॅबमध्ये रिसर्च करणं हे मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या मुलांचं काम, आपल्याला कोण घेणार. माझ्या भाचीलाही असंच वाटायचं, म्हणून तिच्या अर्जांच्या वेळी जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय.

सगळ्यात आधी इमिग्रेशन स्टेटस बघा. पुढे सांगतोय त्या दोन्ही सरकारी प्रोग्रॅमना सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या एच-१बी वर अवलंबून असलेल्या मुलांना पगारी काम करता येत नाही, आणि एफ-१ वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर असाल तर कॉलेजबाहेरच्या कामासाठी सीपीटी, म्हणजे अभ्यासाचा भाग म्हणून काम करायची परवानगी लागते, तीही साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळते, त्यामुळे अर्ज करायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला भेटाच. या मुलांनी खाजगी पैशावर चालणारे प्रोग्रॅम बघायचे किंवा आपल्याच कॉलेजातल्या प्रोफेसरांना विचारायचं.

आता कुठे अर्ज करायचा ते. एनर्जी डिपार्टमेंटचा कम्युनिटी कॉलेज इंटर्नशिप्स, म्हणजे सीसीआय, हा खास तुमच्यासाठीच आहे, चार वर्षांच्या कॉलेजातली मुलं यात स्पर्धेला नसतात. ब्रुकहेवन, आर्गॉन, फर्मिलॅब, लॉरेन्स बर्कली असल्या नॅशनल लॅबमध्ये १० आठवडे काम असतं. वय १८ पूर्ण आणि जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ४ पैकी किमान ३.० लागतो. दुसरा एनएसएफचा, म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू, रिसर्च एक्स्पीरियन्सेस फॉर अंडरग्रॅज्युएट्स. यात एकेका ठिकाणी साधारण १० मुलं घेतात, बायोलॉजीपासून ॲस्ट्रॉनॉमीपर्यंत देशभर शेकडो साइट्स आहेत आणि प्रत्येकीचा अर्ज वेगळा. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, जिथे रिसर्चची सोय कमी आहे अशा कॉलेजातली मुलं घ्या असं एनएसएफच या साइट्सना सांगतं, आणि त्यात दोन वर्षांची कॉलेजं नाव घेऊन येतात. ट्रान्सफरच्या मधल्या उन्हाळ्यात तुम्ही जुन्या कॉलेजात नाही आणि नव्यातही नाही असं असलं तरी आरईयू करता येतं. दोन्हीकडे स्टायपेंड आठवड्याला ६०० ते ७०० डॉलरच्या आसपास असतो, राहण्या-प्रवासाची मदतही बहुतेक ठिकाणी मिळते, पण ती साइटवर नीट वाचा.

तारखांचं गणित असं की काम उन्हाळ्यात असलं तरी सीसीआयचा अर्ज साधारण जानेवारीत बंद होतो आणि आरईयूचे बरेचसे जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे तयारी नोव्हेंबरात. एक साधी शीट बनवा, साइटचं नाव, शेवटची तारीख, प्रोफेसरांची किती शिफारसपत्रं म्हणजे लेटर्स लागतात, बस. आठ-दहा ठिकाणी तरी अर्ज करा, दोन-तीन करून थांबू नका.

लेटर्स ऑफ रेकमेंडेशन थँक्सगिव्हिंगच्या आधी मागा. ज्यांच्याकडे लॅब केली आहे अशा प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्समध्ये जाऊन समोरासमोर विचारा, मग ईमेलमध्ये ट्रान्सक्रिप्ट, रेझ्युमे, सगळ्या तारखा आणि त्यांच्या क्लासमध्ये तुम्ही काय केलंत त्याच्या चार ओळी पाठवा, त्यांच्याकडे शंभर मुलं असतात, त्यांना आठवण करून दिली तर त्यांचंच काम सोपं होतं. आणि तारखेच्या आठवडाभर आधी पोर्टलवर लेटर पोहोचलंय का ते स्वतः बघा. भाचीचा एक चांगला अर्ज फक्त एक लेटर अपलोड झालं नाही म्हणून अपूर्ण राहिला, आम्हाला कळलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. अजून वाईट वाटतं.

स्टेटमेंटला, म्हणजे अर्जात स्वतःबद्दल लिहायच्या निबंधाला, खरा वेळ द्या. भाचीने पहिल्यांदा लिहिलं होतं, मला लहानपणापासून सायन्सची आवड आहे. मी म्हटलं, बाळा, हे सगळेच लिहितात, लॅबमध्ये तुझ्यासोबत काय घडलं ते सांग. मग तिने टायट्रेशनचं सांगितलं, म्हणजे रंग बदलेपर्यंत एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब टाकायचं, तीनदा तो रंग बदलायचा क्षण, एंड पॉइंट, पुढे गेला आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला, चौथ्यांदा तिने ब्युरेटच्या, म्हणजे थेंब सोडायच्या मापाच्या नळीच्या टोकावर अर्धाच थेंब लटकत ठेवला, तो वॉश बॉटलच्या पाण्याने फ्लास्कमध्ये उतरवला आणि एकदम फिकट गुलाबी रंग आला, तो टिकला. चुकलेली तिन्ही रीडिंगही तिने नोटबुकमध्ये न खोडता ठेवली होती. स्टेटमेंटची सुरुवात हीच केली. रिसर्चचा अनुभव नसला तरी चालतो, पण हाताने काय केलं, कुठे चुकलं, मग काय बदललं हे दिसायला हवं. त्यानंतर एका परिच्छेदात त्या साइटवरच्या दोन मेंटॉरचं काम नाव घेऊन लिहा आणि त्यातलं काय शिकायचंय ते सांगा. हा भाग प्रत्येक अर्जात नवा लिहायचा, कॉपी-पेस्ट लगेच कळतं.

अर्ज गेले की स्पॅम फोल्डर रोज बघा. ऑफर आली की उत्तर द्यायला कधीकधी थोडेच दिवस मिळतात, आणि वेटलिस्टवर असाल तर मला अजून यायचंय असा दोन ओळींचा ईमेल जरूर पाठवा, कारण कोणीतरी नाही म्हणतं आणि जागा सुटते. कुठेच नाही झालं तर सीसीआयला फॉल आणि स्प्रिंगचे टर्मही असतात, त्याच स्टेटमेंटवर पुन्हा हात फिरवून तिथे अर्ज करा.