अपग्रेड फसल्यावर फायरवॉल पुन्हा उभा करताना

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या बहुतेक कारखान्यांना शनिवारी सुट्टी, म्हणून फायरवॉलचं (कारखान्याचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये पहारा देणाऱ्या डब्याचं) अपग्रेडही शनिवारीच काढलं जातं. पण औद्योगिक वसाहतीत महावितरणची देखभालीची कामंही बहुधा त्याच दिवशी निघतात. फ्लॅशवर (डब्यातल्या कायमच्या मेमरीवर) नवं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिलं जात असताना वीज गेली, की डब्याचे दिवे लागतात पण त्याचं वेब पान उघडत नाही, पिंगलाही उत्तर येत नाही. असा डबा सहसा मेलेला नसतो. घाईघाईत चुकीची कळ दाबली गेल्यानेच जास्त नुकसान होतं.

खालची माहिती फोर्टिनेट कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉलच्या लहान-मध्यम मॉडेलांसाठी आहे.

आधी थांबा. अपग्रेडनंतरच्या पहिल्या बूटमध्ये जुनं कॉन्फिग (साठवलेली सेटिंगं) नव्या आवृत्तीच्या साच्यात बसवलं जातं, त्याला नेहमीपेक्षा वेळ लागतो. तेवढ्यात प्लग ओढला तर नीट चाललेलं कामही बिघडतं. पंधरा-वीस मिनिटं द्या आणि त्या वेळात कन्सोल केबल (डब्याच्या कन्सोल पोर्टपासून लॅपटॉपपर्यंतची) जोडून घ्या.

केबल आरजे-४५ ते डीबी-९, आणि पुढे यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर. नाशिकच्या एम. जी. रोडला घ्यायला गेलात तर एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर मागा. नकली प्रोलिफिक चिप विंडोजचा नवा ड्रायव्हर स्वीकारत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसत राहतं. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये स्पीड ९६००, डेटा ८, पॅरिटी नाही, स्टॉप १, फ्लो कंट्रोल नाही. फ्लो कंट्रोल हार्डवेअरवर राहिला तर अक्षरं दिसतात, पण दाबलेली कळ डब्यापर्यंत पोहोचत नाही. पुटीचं लॉगिंग सुरुवातीपासून चालू ठेवा, कंपनीच्या सपोर्टला तेच लागतं.

आता कन्सोलवर काय छापून येतंय ते वाचा. वेडीवाकडी अक्षरं म्हणजे स्पीड चुकला. बूट अर्ध्यावर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल तर फर्मवेअरला दोष देण्याआधी अडॅप्टर बदलून पाहा. टेबलावर ठेवायच्या लहान मॉडेलांचा १२ व्होल्टचा अडॅप्टर जुना झाला की मोकळा मोजल्यावर १२ दाखवतो आणि लोड आला की बसतो. लॉगिन येतंय पण काही पॉलिसी (कोणाला काय जाऊ द्यायचं याचे नियम) गायब आहेत, तर फर्मवेअर ठीक आहे. 'डायग्नोज डीबग कॉन्फिग-एरर-लॉग रीड' ही कमांड दिली की नव्या आवृत्तीने कॉन्फिगमधल्या कोणत्या ओळी नाकारल्या ते कळतं. मधल्या आवृत्त्या गाळून थेट वर उडी मारली की हे हमखास होतं.

लॉगिनपर्यंत पोहोचतच नसेल तर बंद-चालू करा आणि 'प्रेस एनी की' दिसताच कळ दाबा. हातात दोन-तीन सेकंदच असतात. मेन्यूत पहिली कळ 'बी'. फ्लॅशचे दोन भाग असतात. अपग्रेड एका भागात होतं, आधीचं फर्मवेअर त्या वेळच्या कॉन्फिगसह दुसऱ्यात राहतं. 'बी'ने तोच भाग उचलला जातो आणि बहुतेक वेळा काम इथेच संपतं.

नाही संपलं तर टीएफटीपी, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने फर्मवेअरची फाइल डब्यात पाठवणं. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, आयपी १९२.१६८.१.१६८ आणि मास्क २५५.२५५.२५५.० द्या, आणि मेन्यू सांगेल त्याच पोर्टला थेट केबल लावा, मध्ये स्विच नको. फाइल नेमक्या मॉडेलची हवी. ६०एफ आणि ६१एफ यांच्या फाइली वेगळ्या आहेत. डाउनलोडचा चेकसम (फाइल अखंड आली का ते सांगणारा आकडा) जुळवा, नाव 'इमेज.आउट' करा आणि टीएफटीपीडी-६४ या टीएफटीपी सर्व्हर प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवा. विंडोज फायरवॉलमध्ये त्या प्रोग्रामलाच परवानगी द्या. नुसता यूडीपी ६९ उघडून भागत नाही, कारण विनंती ६९ वर येते पण डेटा दुसऱ्या पोर्टवरून जातो. मेन्यूत 'जी' (नव्या मॉडेलांत 'सी'ने सेटिंग, मग 'टी'), डब्याचा आयपी १९२.१६८.१.१८८. हॅशच्या (#) खुणा सरकू लागल्या की फाइल येतेय.

शेवटी डी (मुख्य म्हणून जतन), बी (बॅकअप म्हणून जतन) की आर (जतन न करता चालवणं) असं विचारलं जातं. शंका असेल तर 'आर' निवडा: फर्मवेअर फ्लॅशवर न लिहिता नुसतं चालवून पाहता येतं. ते नीट चाललं तर पुन्हा उतरवून 'डी'ने जतन करा.

बूट मेन्यूतली 'एफ' म्हणजे फॉरमॅट, ही शेवटची पायरी. त्यात दोन्ही भाग, कॉन्फिग, सर्टिफिकेटं सगळं जातं. बॅकअप फाइल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कळ दाबू नका. बॅकअप एन्क्रिप्टेड असेल तर पासवर्डही हाताशी हवा, नाहीतर ती फाइल निरुपयोगी. परवान्यांची काळजी नको, ते सीरियल नंबरशी बांधलेले असतात.

फॉरमॅटनंतर टीएफटीपीने फर्मवेअर पुन्हा चढवावं लागतं, मग डबा १९२.१६८.१.९९ वर, ॲडमिन आणि रिकाम्या पासवर्डने उघडतो. बॅकअपच्या पहिल्या ओळीत मॉडेल आणि आवृत्ती लिहिलेली असते. तीच आवृत्ती चढवा, मग कॉन्फिग परत घाला. दोन डब्यांची जोडी म्हणजे एचए (एक बंद पडला तर दुसरा काम घेतो) असेल तर तोवर हार्टबीटच्या, म्हणजे दोघांना एकमेकांशी जोडणाऱ्या, केबली काढूनच ठेवा. कोरा डबा प्रायमरी (जोडीतला मुख्य) झाला तर चालू डब्याचंही कॉन्फिग पुसतो.

'आर'ने चालतं, पण फॉरमॅट करून 'डी' केल्यावरही बूट होत नाही, तर फ्लॅश गेलेली आहे. सीरियल नंबर आणि कन्सोलचा लॉग देऊन बदली युनिट मागवा. तोपर्यंत रविवारच्या डिस्पॅचचं ई-वे बिल एका वेगळ्या लॅपटॉपवर मोबाइल हॉटस्पॉटने काढा. इंटरनेटची केबल थेट कारखान्याच्या स्विचमध्ये खोचू नका.