घरातल्या कुणाला अटक झाली तर हाताशी काय ठेवायचं

माझ्या पुतण्याला रात्री अटक झाली तेव्हा घरातली चार माणसं चार पुढाऱ्यांकडे पळाली आणि कागद गोळा करायला कुणीच उरलं नाही. सांगली-साताऱ्याकडे बहुतेक घरांत असंच होतं, म्हणून कळकळीने लिहितोय.

आधी एक वही घ्या. पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल, आणि अटकेची वेळ मिनिटासकट लिहा. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, मग रविवार असो की दिवाळी. अटकेची कारणं लेखी मागा, तो आपला हक्क आहे. कलमांचे जुने आकडे डोक्यातून काढा. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. पूर्वीचं 420 आता 318 आणि 307 आता 109 झालंय.

बीपी-शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठाण्यात पोचवा. न वाचता कशावरही सही करू नको, एवढं त्याला सांगा. कोर्टात उभं केल्यावर मॅजिस्ट्रेट विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मारहाण झाली असेल तर ती तिथेच, त्याच वेळी सांगायची. आमचा पोरगा खाली मान घालून "नाही साहेब" म्हणाला, आणि पाठीवरचे वळ कागदावर आलेच नाहीत.

वकील पहिल्या रिमांडलाच हवा, म्हणजे कोठडी ठरवायला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर नेतात तेव्हाच. पैसे नसतील तर सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 ला फोन करा. साताऱ्यातही असं प्राधिकरण आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पोलीस पीसीआर मागतात, म्हणजे पोलीस कोठडी. ती सगळी मिळून 15 दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. एमसीआर झाली, म्हणजे न्यायालयीन कोठडी मिळाली, की घरचे रडायला लागतात. पण अजामीनपात्र गुन्ह्यात जामिनाचा अर्ज साधारण तिथूनच पुढे सरकतो. अर्जावर सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्यांचा 'से', म्हणजे लेखी म्हणणं, येतो, त्यात दिवस जातात. खाली नाकारला तर सत्र न्यायालय, आणि त्यानंतर उच्च न्यायालय. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने आपल्या दोन्ही जिल्ह्यांची मुंबईची खेप वाचलीय.

पहिल्या रिमांडची तारीख वहीत ठळक लिहा. गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. मात्र दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो.

आता जामीनदार. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी जामीन मंजूर झाला आणि पोरगा सोमवारी संध्याकाळी बाहेर आला. जामीनदार म्हणून उभ्या राहिलेल्या मामांचा सातबारा जुना होता, त्यावर आजोबांचंच नाव होतं. ते तीन दिवस वहिनी जेवल्या नाहीत. म्हणून अर्ज टाकला त्याच दिवशी जामीनदार ठरवा: स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर असलेला, आणि आणखी कुणाकुणाला जामीन राहिलाय हे खरं सांगणारा. त्याचा ताजा, डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड आणि फोटो एका पिशवीत घाला. ऐपतीचा दाखला लागेल का, हे वकिलांना आधीच विचारा. तहसीलमधून तो एका दिवसात हाती येईल हे धरून चालू नका. दुसरा जामीनदारही सांगून ठेवा. कुणीच मिळालं नाही तर रोख जामिनाची परवानगी मागता येते. कोर्टाच्या आवारात भाड्याने जामीन राहणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. खोटे कागद निघाले तर जामीनही जातो आणि नवा गुन्हाही गळ्यात पडतो.

सुटल्यावर सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला नंबर, घ्या; ई-कोर्ट्स अॅपवर पुढची तारीख दिसते. ठाण्यातली हजेरी चुकवू नका. तारखेला जाणं शक्यच नसेल, तर त्या दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज गेलाच पाहिजे, नाहीतर वॉरंट निघतं.