दारणाकाठी गळ टाकताना

बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ शांत बसा. घरात ते जमेना. मग गळ घेतला आणि रविवारी पहाटे नाशिककडच्या दारणा नदीच्या काठी जाऊ लागलो.

सुरुवातीला महागडा रॉड नको. बांबूची काठी, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, लहान गळ आणि मोरपिसाचा तरंगा पुरतो. धरणांवर मासेमारीचा ठेका असतो, म्हणून आधी विचारून परवानगी घ्या. नांदूर मधमेश्वर हे पक्षी अभयारण्य, तिकडे गळ नेऊच नका.

चाऱ्यासाठी कणकेत शेंगदाण्याची पेंड घालून घट्ट मळा. हरभऱ्याएवढी गोळी गळाचं टोक झाकेल अशी लावा. तरंगा दोनदा हलका थरथरतो, तेव्हा हात आवरा. लहान मासे टोचत असतात. तो तिरका सरकत पाण्याखाली जाऊ लागला की मनगटाने हलका झटका द्या. माझे पहिले तीन रविवार घाईतच गेले.

सोडायच्या माशाला ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. धरणातून पाणी सुटलं की काठ बघता बघता बुडतो. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, बगळ्यांच्या पायांत अडकतो.