काजूगर निर्यात करताना ओरिजिन सर्टिफिकेट: बी कुठली, हे आधी ठरवा

भारताने शेजाऱ्यांशी आणि दूरच्या देशांशी केलेले व्यापार करार कागदावर उत्तम आहेत. श्रीलंकेशी मुक्त व्यापार १ मार्च २००० पासून, सार्क देशांमधला साफ्टा हा मुक्त व्यापार करार २००६ पासून, आसियान देशांशी मालाचा करार १ जानेवारी २०१० पासून, संयुक्त अरब अमिरातीशी करार १ मे २०२२ पासून लागू आहे. पण या करारांतली जकात-सवलत भारतातून पाठवलेल्या मालाला नसते, भारतात तयार झालेल्या मालाला असते, आणि त्याचा दाखला म्हणजे ओरिजिन सर्टिफिकेट. आणि माल भारतात तयार झाला म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येक करार आपापल्या पद्धतीने सांगतो.

गोव्यातल्या काजू कारखान्यांना हा फरक सगळ्यात जास्त नडतो. सत्तरी, केपे, काणकोणची बी मार्च ते मेमध्ये येते आणि संपते. वर्षभर कारखाना चालवायचा तर आफ्रिकेची बी आणावीच लागते. पॅकिंगच्या टेबलावर दोन्हींचा गर शेजारी-शेजारी पडतो, डोळ्यांना फरक दिसत नाही. कस्टम्सच्या लेखी मात्र ते दोन वेगळे माल आहेत.

पहिलं काम: सवलत खरोखर मिळते का, ते पाहा

खरेदीदाराच्या देशात तुमच्या मालावर सर्वसाधारण जकात किती आणि कराराखाली किती, हे दोन आकडे समोरासमोर ठेवा. सिंगापूरसारख्या देशात काजूवर मुळातच जकात नाही. तिथे आसियानचं सर्टिफिकेट काढण्यात वेळ घालवू नका. आखाती देशांचा सर्वसाधारण दर ५ टक्के आहे, पण काही खाद्यपदार्थांना तो लागत नाही, म्हणून तुमच्या कोडसमोर काय लिहिलंय तेच वाचा. साफ्टाच्या देशांना माल जात असेल तर त्या देशाची संवेदनशील मालाची यादीही तपासा. त्या यादीतल्या मालाला सवलत नसते.

यासाठी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बरोबर हवा. सालीसकट बी ०८०१ ३१, सोललेला गर ०८०१ ३२, भाजून मीठ-मसाला लावलेला काजू २००८ १९. हे सहा आकडे सगळीकडे सारखे असतात. पुढचे आकडे देशागणिक बदलतात, तेव्हा खरेदीदाराचा आठ आकडी कोड आपल्या इन्व्हॉइसवर जसाच्या तसा उतरवू नका.

आता मुख्य गोष्ट: नियम कुठला लागतो

गोव्याच्या बागेतली बी, गोव्यातच सोललेली, यात वाद नाही. तो पूर्णपणे इथे मिळवलेला माल. सर्टिफिकेटवरही तसाच निकष लिहायचा.

आफ्रिकेची बी असेल तर दोन चाळण्या लागतात. पहिली, कोड बदलला का? साफ्टाच्या सर्वसाधारण नियमात चार आकडी शीर्षक बदलावं लागतं. बी आणि गर दोन्ही ०८०१ मध्येच असल्यामुळे नुसतं सोलून ते बदलत नाही. आसियान करारात सहा आकडी उपशीर्षक बदललं तरी चालतं, आणि ३१ चं ३२ झालेलं असतं. तरीही तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. प्रत्येक करारात किरकोळ प्रक्रियांची यादी असते: वाळवणं, प्रतवारी, पॅकिंग, आणि काही करारांत कठीण कवचाच्या फळांचं सोलणंसुद्धा. तुमचं काम त्या यादीत बसत असेल तर कोड बदलूनही उपयोग नाही.

दुसरी चाळणी मूल्यवर्धनाची. एफओबी, म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतच्या, किमतीतून परदेशी कच्च्या मालाची किंमत वजा करा, उरलेल्याला एफओबीने भागा. साफ्टात भारतीय निर्यातदाराला निदान ४० टक्के लागतात, आसियानमध्ये ३५, श्रीलंका करारातही ३५.

मसाला काजूचं उदाहरण घेऊ. त्याचं शीर्षक ०८०१ वरून २००८ झालेलं असतं, म्हणून कोडची चाळणी पार. आकडे समजण्यापुरते आहेत. ८० किलोच्या पोत्यातून ४८ पौंड गर निघाला, म्हणजे साधारण २७ टक्के. यालाच उतारा म्हणतात. एक किलो गराला ३.६७ किलो बी लागली. बी १२० रुपये किलोने पडली तर कच्चा माल ४४० रुपयांचा. एफओबी ८०० रुपये असेल तर मूल्यवर्धन ४५ टक्के. साफ्टा, आसियान दोन्ही पास. पुढच्या खेपेला बी १३६ रुपयांवर गेली आणि विक्रीचा भाव तोच राहिला, तर कच्चा माल ५०० रुपयांचा आणि मूल्यवर्धन ३७.५ टक्के. आसियानला चालेल, साफ्टाला नाही. म्हणून मागच्या शिपमेंटची कॉस्ट शीट पुन्हा वापरू नका. बी महाग झाली, डॉलर हलला, उतारा घसरला, की हिशेब नव्याने मांडा.

लॉट वेगळे ठेवा

अर्जात चूक झाली तर दुरुस्त करता येते. गोदामात बी मिसळली तर ती वेगळी काढता येत नाही, म्हणून सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

स्थानिक बीची पोती वेगळ्या थप्पीत ठेवा, प्रत्येक पोत्याला लॉट नंबर द्या आणि त्या लॉटसमोर बागायतदाराची किंवा संस्थेची खरेदी पावती लावा. आयात बीच्या लॉटसमोर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे भरलेला आयातीचा कागद. उकडणं, सोलणं, वाळवण, पापड (गरावरची पातळ साल) काढणं, प्रतवारी या प्रत्येक टप्प्याला त्या दिवशी कुठला लॉट चालला आणि किती वजन आत-बाहेर झालं, ते वहीत लिहा. दोन लॉटच्या मध्ये यंत्रं आणि ट्रे रिकामे करा.

अधिकारी पडताळणी करतो ती बहुधा साध्या गुणाकाराने. वीस फुटी कंटेनरमध्ये ५० पौंडांचे, म्हणजे २२.६८ किलोचे ७०० कार्टन मावतात: १५,८७६ किलो गर. ४८ पौंड उताऱ्याने त्याला सुमारे ७३० पोती, म्हणजे ५८ टनांहून थोडी जास्त बी हवी. सगळा माल डब्ल्यू ३२० चाच, म्हणजे एकाच आकाराच्या अख्ख्या गराचा, असेल तर पाकळी, तुकडा आणि इतर आकाराचे गर बाजूला पडतात, म्हणजे बी याहून बरीच जास्त. तुमच्याकडे स्थानिक बीच्या पावत्या ३० टनांच्याच असतील आणि अख्ख्या कंटेनरवर पूर्णपणे भारतीय असं लिहिलं असेल, तर पुढचं बोलणं तिथेच संपतं. सवलत तर जातेच, पुढच्या प्रत्येक खेपेवर संशय बसतो.

अर्ज

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, पॅनवर आधारित असतो, शुल्क ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ऑनलाइन अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरी. हे विसरल्यामुळे आयईसी निष्क्रिय होतो आणि कंटेनर गेटवर आल्यावर ते कळतं. जीएसटीचं एलयूटीही (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा क्रमांक) ज्या बंदरातून माल जाणार तिथे नोंदलेला आहे का, ते आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर पाहून घ्या. मुरगाव ठरलं होतं आणि ऐनवेळी न्हावा शेवाला जावं लागलं, असं होतच असतं.

सर्टिफिकेटचा अर्ज परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ऑनलाइन प्रणालीवर, डिजिटल सिग्नेचर किंवा आधार ई-साइनने. सोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कॉस्ट शीट. आसियानचं सर्टिफिकेट माल निघताना किंवा त्यानंतर तीन कामकाजाच्या दिवसांत निघावं. उशीर झाला तर मागाहून दिल्याचा शेरा पडतो. ते वैध असतं, पण प्रश्न वाढतात. खरेदीदाराच्या नावाचं स्पेलिंग, इन्व्हॉइस नंबर, वजन हे सगळ्या कागदांवर अक्षरशः सारखं हवं. चूक सापडली तर खाडाखोड करू नका, बदली सर्टिफिकेट मागा.

वाटेत कोलंबो किंवा जेबेल अलीला कंटेनर बदलणार असेल तर सुरुवातीपासून शेवटच्या बंदरापर्यंतचं एकच बिल ऑफ लॅडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) घ्या. मधल्या देशात माल बाजारात उतरला नाही, याचा तोच पुरावा.

उलट दिशेने, बी आणताना

अतिअल्पविकसित देशांसाठी भारताची सवलत योजना २००८ पासून आहे. बेनिन, गिनी-बिसाव, टांझानिया त्यात बसतात. आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया त्या गटात नाहीत. बुर्किना फासोला समुद्र नाही, तिथली बी शेजारच्या देशाच्या बंदरातून निघते. सर्टिफिकेट एका देशाचं आणि लोडिंग दुसऱ्या देशात, हे पाहून शंका येणारच. मूळ देशापासूनचे वाहतुकीचे कागद आधीच मागवा. २१ सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या कारोटार, म्हणजे आयात मालाच्या मूळ देशाबाबतच्या कस्टम्स, नियमांनुसार नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. माल तिथलाच कसा, याची माहिती आयातदाराकडे असावी लागते आणि ती पाच वर्षं जपावी लागते. निर्यातीची फाइलही तेवढीच वर्षं ठेवा: लॉटची वही, बीच्या पावत्या, कॉस्ट शीट, शिपिंग बिल आणि सर्टिफिकेट, प्रत्येक खेपेचं एकत्र बांधून.